बांगडे वाचणे

हाचिनोहेच्या बंदरात, बर्फाच्या कारखान्यामागे
एक सार्वजनिक न्हाणीघर आहे.
सहाच्या सुमाराला अंग शेकून बायका बाहेर येतात,
केस ओले, हातात दुधाच्या गार बाटल्या,
आणि बाकावर खेळ सुरू होतो.

खेळाचं नाव शिरितोरी,
म्हणजे स्पष्टच सांगायचं तर ढुंगण धरणे.
एकीच्या शब्दाचं शेवटचं अक्षर
दुसरीने पहिलं करायचं.
आपल्या भेंड्यांची ही लांबची मावसबहीण,
फक्त हिला गाता गळा लागत नाही.
शब्दाने शब्द वाढतो, पण भांडण होत नाही.
अट एकच: शेवटी न् आला की बोलणारी मेली,
कारण न् पासून त्यांच्याकडे काहीच सुरू होत नाही.

"साबा," म्हणते मसुए. बांगडा.
"बासु." बस.
"सुइका." कलिंगड.
"कासा." छत्री.
"साकाना." मासा, कुठलाही.
"नामी," कुणीतरी म्हणतं, लाट,
आणि नऊ वर्षांची कोहारु घाईघाईत ओरडते,
"मिकान!"
संत्रं. झालं, मेली.
रोज संध्याकाळी तिला तेच संत्रं हरवतं.

हरलेलं पोर मग प्रश्न विचारतं.
"मसुए-सान, तुमचं वय काय?"
"अठ्ठावन्न."
अख्खा बाक खिदळतो: "बांगडे वाचतेय, बांगडे!"
"मासे कुठे वाचतात का?"

मसुएने चाळीस वर्षं लिलावात मासळी मोजली आहे,
तेव्हा हे तिनेच सांगायचं.
अगं, पूर्वी वाचणे म्हणजेच मोजणे.
आणि बांगडा मुलखाचा नासका,
त्याच्यापुढे आकडे घोळवत बसलीस तर वास मारेल.
दोन-दोन, पाच-पाच, फेक टोपलीत,
मधले चार गळाले तर गळाले!
म्हणून आकडा चोरला की बांगडे वाचले.
असं म्हणतात हं.
खरंखोटं बांगड्याला ठाऊक.

आणखी एक म्हण आहे त्यांच्यात,
मेलेल्या लेकराचं वय मोजणे.
म्हणजे ज्याचा उपयोग नाही तेच कुरवाळत बसणे.
ही म्हण या बाकावर कुणी काढत नाही.
लाट चालते. लाट रोज येते.

दुसरा डाव.
"आसाही," सकाळचं ऊन.
गल्ल्यावरून इवाकिची मिशी चोळत ओरडतो, "हिगे!"
म्हणजे तीच, मिशी.
आता गे. पाळी मसुएची.
गे आला की ती म्हणते गेता, लाकडी खडावा,
सव्वीस वर्षं गेता,
इतकं ठरलेलं की कोहारुने
पुढचा ताको, आठ पायांसकट, तोंडात तयार ठेवलाय.

मसुए बाटली खाली ठेवते.
"गेन."

कुणाच्या तरी केसांतून पाणी ठिबकतं.
"न् आला! हरलात! हरलात!
पण गेन म्हणजे काय?"
"माझा मुलगा. यंदा बावन्न पूर्ण झाली असती."

कोहारु बोटं मोडते. पुन्हा मोडते.
"म्हणजे तो झाला तेव्हा
तुम्ही सहा वर्षांच्या होतात?"

आधी इवाकिची फुटतो, मग बाक,
मग मसुए, डोळे टॉवेलने पुसत, किती वेळ.
"माझे वाचले गं मी, भराभरा.
त्याचे मात्र एकेक करून मोजलेत."

"पण हरलात ना?"
"हरले."