तिसरा आकडा

दुपारी तीन दहाला मी हवा वाचली.
पोस्टाच्या मागच्या खिडकीतून
डिझेलची लाल टाकी दिसत होती,
नदीपलीकडच्या चर्चचा क्रूस नव्हता.
म्हणजे दृश्यता अर्धा मैल.
कुस्कोक्विमच्या काठी आम्ही असंच मोजतो,
जे दिसेनासं झालं त्याच्यावरून.

रेडिओवर हॅल ब्रॅन्डविक, अकरा वर्षांच्या ओळखीचा आवाज.
मागे डायपरची खोकी, सोड्याचे कॅन,
शाळेची नवी बाई, आणि माझा चुलता एव्हॉन,
बेथेलहून कवळी बसवून येत होता.
मी दाब सांगितला: दोन, नऊ, चार, दोन.
तो परत म्हणाला: दोन, नऊ, खरखर, दोन.
मी म्हटलं, बरोबर.

चौथ्या दिवशी वारा पडला.
अँकरेजहून आलेल्या मॅरिट सोल्बर्गला
मीच बर्फगाडीवरून टेकडीपाशी नेलं.
पॅनेलमधले मोहरीएवढे बल्ब ती एकेक करून
भिंगाखाली धरत होती.
थंड तार तुटते, म्हणाली, तापलेली लांबते.
लांबलेली असेल तर आदळताना दिवा पेटलेला होता.
उंचीच्या काट्याचा ओरखडा तबकडीवर: सहाशे फूट.
टेकडी तिथे शंभराची आहे.
बाजूच्या इवल्या खिडकीतला आकडा
तिने मला दाखवला नाही. मी वाचला.
दोन, नऊ, नऊ, दोन.

संध्याकाळी माझ्या टेबलाशी, चहा आणि सुका सामन.
नेमकं काय बोललात?
या गावात रेडिओची टेप नसते.
मी सगळं सांगितलं, खरखरीसकट.
लिहिता लिहिता ती थांबली,
मग माशाचा काटा दातातून काढला,
आणि पुन्हा लिहू लागली.

चौदा महिन्यांनी अहवाल आला,
माझ्याच टपालात, शिक्का मीच मारला.
संभाव्य कारण: वैमानिकाने कमी दृश्यतेत
उड्डाण चालू ठेवले.
माझं 'बरोबर' पान एकतीसवर, तळटीपेत, अर्धी ओळ.
ना दोष, ना सुटका.
काकू म्हणाली, वाचून दाखव.
मी तीस पानं दाखवली.

एव्हॉनची कवळी शाबूत सापडली होती.
काकूने ती पुरली नाही, कुणाला का ते विचारू दिलं नाही.

हल्ली एक पोरगा उडवतो, ट्रॅव्हिस.
मी म्हणते: चार. चार. चार.
तो हसतो, कळलं हो आजी.
मी म्हणते, म्हणून दाखव.

हवेच्या वहीत आता एक खूण वाढली आहे:
ती टेकडी.
दिसली, तर सात मैल.