काठावरचा नंबर

पाण्याचा दिवस होता, पाचव्या दिवसाचा.
एका हातानं पाइप बॅरलात धरून
दुसऱ्या हातानं फोन उघडला
तर दुकान नव्हतं.

दुकान म्हणजे अकरा हजार चारशे माणसं,
मोरपंखी चादरीवर झोपलेलं आमचं मांजर
(त्या एका फोटोवर सत्तावीस ऑर्डरी),
आणि "ताई, नांदेडला पाठवता का?"
याला रात्री बारा वाजता दिलेलं उत्तर.
त्या जागी आता एक ओळ:
तुमचं खातं नियमात बसत नाही.
कोणत्या नियमात? खाली बटण.
बटण दाबलं की पुन्हा तीच ओळ.
कांडी संपली तरी धोटा
रिकामाच येरझाऱ्या घालतो, तसं.
पाणी बॅरलावरून वाहून बोळात गेलं.

नाना कांड्या भरत होते.
"कुणाचा ओटा होता तो?"
ओटा नाही नाना, अकाउंट.
"तेच. मालक कोण?"
मालकाचं नाव मला ठाऊक होतं.
दार ठाऊक नव्हतं.

नानांना एकदा असंच उठवलं होतं,
एकोणनव्वद साली, साखर पेठेतून,
दोन माग हातगाडीवर घालून.
पण तेव्हा मालक समोर उभा होता,
त्याला तेलुगूत शिवी देता आली.
पुढं त्याच्याच पोरीच्या लग्नात
नाना पंगतीला जेवून आले.
मी शिवी कुठल्या बटणात घालू?

दुपारी बोमड्यालांचा चेतन आला, वेबसाइट करतो तो.
अठरा हजार म्हणाला, ओळखीत चौदा.
"आणि नावाचे दरवर्षी वेगळे भरायचे, ताई."
नानांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"नावाचे? आपल्याच?"
"हो. भरले नाहीत तर दुसरा कुणीही घेतो."
सुपारी कातरायचा आवाज तेवढा आला.
मग म्हणाले,
"हेही भाड्याचंच. घरमालक तेवढा बदलला."
चेतननं अर्धा चहा बशीतच ठेवला.

एक गोष्ट मी नानांना कधी सांगितली नव्हती.
आमच्या चादरीच्या कोपऱ्यात अक्षरं विणलेली असतात,
जकार्डच्या पुठ्ठ्यात भोकं पाडून बसवलेली:
चिट्याल, सोलापूर, आणि सहा आकडे.
तो फोन बंद होऊन बारा वर्षं झाली.
पुठ्ठे बदलायला खर्च येतो, म्हणून आकडे चालू आहेत.
फोटो काढताना मी तो कोपरा
दर वेळी आत दुमडायचे.

पुढच्या पाण्याच्या दिवशी एक बाई आल्या, उदगीरहून, एसटीनं.
पिशवीत चादर, धुऊन धुऊन विरलेली,
मोराचा फक्त अंदाज राहिलेला.
कोपरा मात्र स्वच्छ वाचता येत होता.
"फोन लागेना," त्या म्हणाल्या,
"मग स्टँडवर हाच दाखवत दाखवत आले.
दोन चिट्याल चुकीचे निघाले.
तिसरे तुम्ही."
लेकीसाठी दोन घेतल्या, भाव केला,
पाणी पिऊन साडेतीनची गाडी गाठली.
मोबाइल त्यांच्याकडं होता. चांगला होता.

रात्री तारेत ओवलेल्या कुरिअरच्या पावत्या काढल्या,
एकेक नाव वहीत उतरवायला बसले.
निम्म्या पावत्या कोऱ्या झाल्या होत्या,
तो कागदच तसला, वर्षभरात शाई पिऊन टाकतो.
तरी एकशे त्रेसष्ट माणसं सापडली.
त्यातली अकरा फोनवर म्हणाली, कोण चिट्याल?

नानांनी पुठ्ठ्यासाठी माझा नंबर विचारला.
बोटं मोडत मोजलं.
"दहा आकडे? किनार रुंद करावी लागेल."
कुरकुरत होते, पण पट्टी घेऊन बसले.

नवं खातंही उघडलंय. न उघडून कुणाला सांगू?
पहिल्या फोटोत कोपरा उलगडून ठेवला,
मांजर नेमकं त्याच्यावरच जाऊन बसलं.
आत्तापर्यंत तीन माणसं आलीत.
त्यातला एक चेतन.