पहिली धार

मधली नको, पहिली.
दिवसभर हेच सांगते मी, चार भाषांत आणि खुणांनी,
कपावरच्या रेघेवर बोट ठेवून:
इथपर्यंतच. आणि आधी तासभर गेलेलं नसावं.

टगबोटीवरचा बशीर होडेकर, मूळ हर्णैचा,
आपली भाषा ऐकून इतका खुलला की म्हणाला,
"पहिल्या धारेची? ती सोहारात कुठं मिळायची, ताई?"
रांगेतले बाकीचे
कशाला हसायचं ते न कळता हसले.

मासळीबाजारापासून दोन सिग्नल पुढं आमचं क्लिनिक.
ऑगस्ट. एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
दारावर कागद: मोफत. नाव नको. पत्ता नको.
ज्यांना काहीही होत नाही, त्यांनीच यावं.

हे शेवटचं वाचून लोक थबकतात.
असं आमंत्रण आजवर कुणी दिलेलं नसतं.
"मला काही होत नाही," शम्सा म्हणते अबाया सावरत.
म्हणून तर.
"मला काही होत नाही," म्हणतो स्मेल्टरवरचा शोफिकुल,
"आणि निघालं काही, तर व्हिसा?"
नाव नाही तर व्हिसा जाईल कुठून?
तो कप घेतो, पण माझ्याकडं बघतो
मुकादमाच्या बेरजेकडं बघावं तसा.

फॉर्मवर या सगळ्यांचं मिळून एकच नाव आहे:
सर्वसाधारण.

दुपारी यंत्र नळ्या गिळून बसतं.
साडेतीन तास मी पडद्यावरच्या रेघा बघते,
ओहोटीच्या पाण्यासारख्या तळाशी पसरलेल्या.
मग एखादी मान वर काढते.
ताप नाही, खाज नाही, कळ नाही.
पोटातला पोटभाडेकरू,
आवाज न करता राहणारा,
जाताना भिंती आतून लिंपून जाणारा.
सात दिवसांच्या गोळ्यांत घर सोडतो,
पण आधी कुणी दार वाजवायला हवं.

प्रत्येकाला चिठ्ठी दिलीय, नंबराची.
फोन करा, नंबर सांगा, निकाल ऐका.
चौदा फोन आले. एकसष्टचा नाही.
एकसष्टची चिठ्ठी गणवेशाबरोबर धुतली गेली असेल,
किंवा पर्समध्ये असेल, लुलूच्या बिलाला चिकटून,
किंवा एकसष्टनं ठरवलं असेल
की ज्याला काही होत नाही त्यानं फोन कशाला करायचा.

मीही ठरवलं असतं.

चिपळूणला, थंडगार टेबलावर, पडद्यावर
पांढरा रंग माझ्या आत चढत गेला
आणि बांध घातल्यासारखा थांबला. दोन्हीकडं.
"दोन्ही नळ्या बंद. आधी कधी काही त्रास?"
नाही.
"ताप? दुखणं?"
नाही हो, काहीच नाही.
मग कुणी पुढं विचारलं नाही.
सासूबाईंनी नारळ बोलला. आत्यांनी काढा धाडला.
तेव्हा हे इथंच होते, चार वर्षं, सोहार बंदरात.
त्यांच्या हातात कुणी कप दिला नाही.
मीही दिला नाही. तेव्हा मला रेघा वाचता येत नव्हत्या.

काल सगळे गेल्यावर
एक जादा कप उरला होता.
मी रेघेपर्यंत भरला, बारकोड चिकटवला, नाव नाही.
आज निकाल: नाही.
आता नाही, एवढंच.
या यंत्राला भूतकाळ येत नाही.

निकाल मी फाइलला लावला, सर्वसाधारणमध्ये,
आणि बादली रिकामी करायला उठले,
तेवढ्यात फोन.
पलीकडं नुसता श्वास, आणि मागं बंदरातला भोंगा.
भोंगा तर साऱ्या गावात ऐकू येतो, त्यावरून काय ठरवायचं?
"हॅलो," मी चारही भाषांत म्हणते,
"नाव नको. नुसता नंबर सांगा."