इतिवृत्त

सोळा हिवाळे मी स्कारवोगच्या सभांचं इतिवृत्त लिहिते आहे.
खुर्च्या मांडते, कॉफीचा थर्मास भरते,
मग टेबलाच्या टोकाला बसून
माणसांच्या बोलण्याला इस्त्री करते.
'खड्ड्यात जा' म्हणालं कुणी, की लिहिते, असहमती नोंदवली.
दार आपटून गेलं, की, सभात्याग केला.
शेवटी नेहमीचंच. आभार मानून सभा संपली.

नियमांची मी टिंगल करणार नाही.
हात वर करा, तीन मिनिटं बोला,
जे काही असेल ते अध्यक्षांना उद्देशून.
शाळा बंद करायची ठरत होती त्या वर्षी
हॉल्वर आणि ईवार, सख्खे भाऊ,
जाळ्यांच्या भांडणापासून अकरा वर्षं अबोला,
दोघंही उठले आणि दोघंही बोलले
ब्राटलीबाईंच्या चष्म्याकडे पाहत.
'अध्यक्ष, माझ्या भावाला सांगा, त्याच्या मुलीला
पलीकडच्या शाळेत मी माझ्या बोटीतून नेईन.'
'अध्यक्ष, त्याला सांगा, ती सकाळी उठत नाही.'
सभागृह हसलं. हॉल्वर हसला नाही,
पण बसताना भावाशेजारची खुर्ची ओढली त्यानं.
समोरासमोर असते तर डोकी फुटली असती.
मधे एक चष्मा होता म्हणून निभावलं.

म्हणून फेब्रुवारीत खाणवाले आले
तेव्हाही मी खुर्च्या सरळ रेषेत मांडल्या.
त्यांचा माणूस किती मऊ बोलला!
प्रत्येक प्रश्नाला आधी धन्यवाद,
'आपल्या भावनांचा आम्हाला आदर आहे,'
आणि मग त्याच आवाजात, पडद्यावर बोट ठेवून,
वर्षाला वीस लाख टन गाळ, फ्योर्डच्या तळाशी.
आवाज चढवायची त्याला गरजच नव्हती.
ज्याच्या खिशात परवाना आहे
त्याचा घसा कशाला बसेल?

बिरेत आन्ना तिसऱ्यांदा उठली.
आधीच्या दोन सभांना ती नियमानं बोलली होती,
कागदावरून, तीन मिनिटांच्या आत.
माझ्याकडे नोंद आहे, 'निवेदन ऐकून घेण्यात आलं.'
घेण्यात आलं. कुणी घेतलं, ते व्याकरणाला विचारा.

या वेळी कागद नव्हता.
चौथं मिनिट लागलं. घंटा.
पाचवं. घंटा. तिचा आवाज फाटला
आणि आमच्या भाषेतून ती तिच्या सामीत उतरली,
टेबलावर मूठ आपटून एकच शब्द, दोनदा.
वॉफलच्या ताटलीतला काटा वाजला.
'कृपया,' ब्राटलीबाई म्हणाल्या, 'सभ्य भाषेत.'
खाणवाल्यानं जखमी माणसासारखी मान खाली घातली.
तिथून पुढे सभा गाळाची उरली नाही, मुठीची झाली.

सभेत शोभतो तो सभ्य, कबूल.
पण घंटा कुणाच्या हाताशी ठेवायची
हे मीच तर ठरवते, दर वेळी, खुर्च्या मांडताना.

लिहिलं, तीव्र नाराजी व्यक्त केली. खोडलं.
लिहिलं, अनुचित शब्द वापरला. तेही खोडलं.
मला तो शब्दच कळला नव्हता,
अनुचित कशावरून?

बाहेर बर्फात ती गाडीची काच खरवडत होती.
'तो शब्द,' मी म्हटलं, 'कसा लिहायचा?'
माझ्याकडे पाहत राहिली.
'शिवी आहे का?'
'जागेचं नाव आहे. कॉड अंडी घालतात तिथलं.
तुमच्या नकाशात नसतं.'
आणि एकेक अक्षर सांगितलं, सावकाश,
दुसऱ्या अक्षरावरच्या तिरक्या रेघेसकट.
घसा बसलेला. तरी शेवटी धन्यवाद म्हणालीच.

काल ब्राटलीबाईंचा फोन आला.
आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मनापासून.
मग म्हणाल्या, तो शब्द काढता आला तर बरं,
आपल्या सगळ्यांना इथेच राहायचंय.
खरं आहे. मलाही इथेच राहायचंय.

इतिवृत्त टेबलावर आहे, सही बाकी.
स्वयंपाकघरात मी तो शब्द मोठ्यानं म्हणून पाहते.
चुकतो. पुन्हा म्हणते.
शेवटून दुसरा स्वर बहुधा लांबवायचा असतो.