खाट फिरवली तेव्हा

केर्न्सच्या इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर,
खिडकी दिसावी म्हणून
मर्टलआजीची खाट नर्सने फिरवली.
उशाच्या जागी पाय आले.
बाकी सलाइन तेच,
झाकण हरवलेला जग तोच.

दुपारी नात आली, लोरेटा.
चादरीवर फोटो मांडले,
डावीकडून उजवीकडे, शाळेत शिकवतात तसे:
मिशनच्या फ्रॉकमधली मर्टल,
कोळंबीच्या बोटीवरची,
कडेवर मूल घेतलेली,
मग ही, चष्म्याला चिकटपट्टी लावलेली.

आजी म्हणाली, आडवं गेलंय गं सगळं.
हनुवटीनेच खिडकी दाखवली.
ऊन केव्हाच ओसरलं होतं तिथलं,
पण पूर्व काही हललेली नव्हती.

लोरेटाने फोटो उचलले. पुन्हा मांडले.
फ्रॉकवाली पोर पावलांपाशी,
बोट गुडघ्यावर,
मूल पोटावर, जिथं ते होतंच एकदा,
आणि चष्मा छातीवर.
काल असती, तर जन्म उशाशी येता
आणि म्हातारपण अंगठ्यांना लागतं.
आज मात्र सगळी वर्षं
तिच्या तोंडाकडे चालत येत होती.

"आणि पुढचं?"
आजीने हात डोक्यामागे नेला.
तिथं भिंत, ऑक्सिजनचं बटण, एक रिकामा खिळा.

परवा सोडतील म्हणे घरी.
मी लिहितो त्या भाषेत
परवा होऊन गेलेला असतो, यायचाही असतो;
आम्ही क्रियापदाची वाट बघतो.
ती विचारती:
कुठला परवा?
खिडकीकडचा की खिळ्याकडचा?