पायाखालचं पाणी

मे महिन्यात तीनदा मॅट ओली निघाली.
आप्पांच्या बाजूची.
पहिल्यांदा वाटलं, बाटली सांडली असेल.
दुसऱ्यांदा बाटली नव्हती.
तिसऱ्यांदा आप्पांनीच पाय आखडून घेतले
आणि काचेबाहेर बघत म्हणाले,
"दसरा चौकात गर्दी केवढी वाढलीया."
दसरा चौक कधीच मागं पडला होता.

मी काही विचारलं नाही.
सीटवर जुनी सतरंजी घातली, खाली रद्दी.
मेडिकलमधून एक पाकीट आणलं, काळ्या पिशवीत,
आणि ते झोपलेत असं धरून उशाशी ठेवलं.
सकाळी पाकीट कपाटात होतं,
शर्टांच्या थप्पीमागं, न फोडलेलं.

चाळीस वर्षं उद्यमनगरात ओतकाम केलेला माणूस.
भट्टीपुढं तांब्यानं नाही, कळशीनं पाणी प्यायचा
आणि सगळं घामावाटे परत करायचा.
तोच माणूस
राजारामपुरीत व्यायामाला जायच्या दिवशी
सकाळचा चहासुद्धा बशीत अर्धा ठेवायला लागला.
मला हे उशिरा कळलं.
बश्या मीच विसळत होते.

गाडीला मात्र वास सुटला, ओल्या गोणपाटाचा.
म्हणून नेली कावळा नाक्यापाशी, दस्तगीर शिकलगारकडं.
त्यानं मॅट उचलली, बोट टेकवलं, नाकाशी नेलं.
मी मान वळवली.
"साधं पाणी हाय, ताई."

मग तो गाडीखाली सरपटला,
सायकलच्या ब्रेकची जुनी तार घेऊन
करंगळीएवढ्या रबरी नळीत कोरत राहिला.
आधी निघाला करंजाचा कुजका फुलोरा,
मग कारखान्याच्या धुरांड्याची काजळी,
मग भसकन पाणी, त्याच्या बाहीत.

"झाडाखाली लावताय न्हवं? ह्योच घोळ.
आत गार झालं की हवेतलं पाणी सुटतंय,
उन्हात ताकाच्या गिलासाला सुटतंय तसं.
ते रस्त्यावर पडाय पायजे.
गळती गाडी बगून लोकं घाबरत्यात.
मी म्हणतो, न गळती बगून घाबरा.
वाट गावली न्हाई की आतच येतंय."

डावीकडंच का, मी विचारलं.
"डबा तितंच असतोय की.
शेजारी बसंल त्येच्या पायावर."

चारशे रुपये झाले.
मी गाडीत बसले, किल्ली फिरवली नाही.
"आप्पा, ते तुम्ही नव्हता,"
असं कसं म्हणायचं?
त्यातलं "ते" दोघांनाही माहीत,
आणि दोघांनीही कधी तोंडातून काढलेलं नाही.

रात्री जेवताना म्हटलं, "नळी तुंबली होती. गाडीची."
भाकरी मोडता मोडता हात थांबला.
"गाडीची?"
"गाडीची."
त्यांनी तांब्या उचलला,
वरून, तोंड न लावता, घटाघटा रिकामा केला.
गळ्याचं हाड वरखाली होत होतं.
सदरा भिजला तरी थांबले नाहीत.

आता पौष. गुऱ्हाळं पेटलीत,
शहराबाहेर गेलं की काचेतूनही काकवीचा वास येतो.
एसी कुणाला हवाय?
पण दस्तगीरनं बजावलंय,
"थंडीतबी आठवड्याला धा मिनटं फिरवा,
न्हाईतर सील वाळत्यात, गॅस उडून जातोय,
मग चैतात माज्याकडं पळत याल."
झाडाखाली लावायची नाही, फिल्टर महिन्याला झटकायचा,
पंखा थोडा आधी सुरू, थोडा नंतर बंद.
आप्पांनी हे सगळं कॅलेंडरवर लिहून घेतलंय,
दुधाच्या हिशोबाशेजारी.

रविवारी ते कानटोपी घालून, घोंगडं पांघरून
पुढच्या सीटवर बसतात.
बटण त्यांनीच दाबायचं.
आठ-नऊ मिनिटांनी मी उतरून खाली वाकते.
ते काच खाली करतात.
"पडतंय का?"
थंडीत फार सुटत नाही, दहा-बारा थेंब.
"पडतंय."

परवा पडलंच नाही.
हवा कोरडी होती, नळी साफ होती, मी तार घालून बघितली.
गुडघ्यांवर हात ठेवून जरा वेळ वाकूनच राहिले.
"पडतंय का गं?"
"पडतंय, आप्पा."
त्यांनी काच वर केली.