बाजू पालटताना

खारफुटीच्या एकतीस कॅसेटी आहेत माझ्याकडे.
विकत घेतलेली एकही नाही,
त्यांनी कधी विकायला काढलीच नाही.
एकदा गेले होते स्टुडिओत, अंधेरीला, तीन दिवस,
तर ग्लॅडविन म्हणाला, इथल्या भिंतींना कान नाहीत.
पैसे बुडाले. बरं झालं.

मला विचाराल तर आधी ऑर्लेमची ऐका.
पॅरिश हॉल, फेब्रुवारी शहाण्णव.
पहिली चार मिनिटं नुसते जुळवतायत,
आणि जुळवता जुळवताच सुरू झालेलं असतं,
कुठून, ते बोट ठेवून मला आजवर दाखवता आलेलं नाही.
नोशीर ड्रम वाजवत नाही, झाडतो,
ब्रशने, सावकाश, पाहुणे यायला अजून अवकाश असल्यासारखा.

मग कालिन्याची. भिकार रेकॉर्डिंग.
माइक मी छत्रीच्या दांड्याला बांधला होता
आणि शेजारी कुणीतरी दीड तास शेंगा सोलल्या.
दर विमानागणिक अख्खा बँड गिळला जातो.
पण सतराव्या मिनिटाला, उतरणाऱ्या विमानाच्या घरघरीतून
हेरंब पेटीवर नेमका तोच सूर काढतो,
काळी दोन,
धरतो,
विमान गेलं तरी सोडत नाही.
बायको म्हणते, हे तर नुसतं विमान आहे.
मी रिवाइंड करतो.

'मिठागर' माझ्याकडे चौदा वेळा आहे.
शब्द चारच ओळींचे, तेही हेरंब विसरायचा.
सर्वांत छोटं सहा मिनिटं: पोलीस आले.
सर्वांत लांब एक्केचाळीस: उत्तन, मार्च सत्त्याण्णव,
बोंबलांच्या वलांडीमागे, जनरेटरवर.
वास टेपवर येत नाही
हे मला दरवेळी स्वतःला समजवावं लागतं.

त्यात एकोणतिसाव्या मिनिटाला
ग्लॅडविनची गिटार चढायला लागते.
पायरी, पायरी, अर्धी पायरी, मागे, पुन्हा.
नोशीरने झाडू टाकून काठ्या घेतल्यात,
आता, आता
खट्.

नव्वदची कॅसेट. बाजू संपली.
काढली, पालटली, दाबली. अकरा सेकंदं.
पलीकडच्या बाजूला ते वर पोचलेले,
उत्तन ओरडतंय,
आणि कशाला, ते मला माहीत नाही.

सव्वीस वर्षं त्या अकरा सेकंदांत
मी काय काय वाजवून पाहिलं.
पासबुकं छापताना. दाढी करताना.
नोशीरच्या उठावण्याला, मागच्या बाकावर, मनातल्या मनात,
त्याच्याच काठ्यांनी.

परवा इग्नेस डाबरे घरी आला.
भावाच्या ट्रंकेत सापडली म्हणाला, त्याच रात्रीची,
वर बॉलपेनने फक्त 'खा. उ.'
बायकोने चहा ठेवला. मी डेक पुसला, दोनदा.
पंचवीस. सत्तावीस. एकोणतीस.
पायरी, अर्धी पायरी, मागे,
आणि माइकला अगदी चिकटून
एक कोवळा, चिरका, निर्लज्ज आवाज:
"अरे थांबा! थांबा रे! बाजू पालटतोय!"

खट्, झाकण.
हशा. शिट्टी. कुणीतरी आगरीत शिवी.
आणि त्या सगळ्याखाली, नीट कान दिला तर,
ग्लॅडविन एका सुरावर उभा.
पुढे जात नाही.
नोशीर फक्त काठावर टिकटिक करतोय.
खट्, झाकण पुन्हा,
आणि मगच ते वर जातात,
आणि उत्तन ओरडतं.

माझ्यासाठी थांबला होता
की तार उतरली होती, की हातच घामेजला?
मस्कतला फोन लावला असता तर कळलं असतं.
नंबर आहे. लावला नाही.

चहा निवतोय, इग्नेस म्हणाला.
मी म्हटलं, थांब.